फोर-बाय-फोर गाडी पंक्चर झाली तर : घाटात, शेतात आणि हायवेवर काय करायचं, काय टाळायचं

विसरवाडी (ता. नवापूर) : सुरत–धुळे महामार्ग म्हणजे जुना सहा नंबर, आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३. याच रस्त्यावर विसरवाडी आहे आणि इथून धुळ्याकडे निघालं की पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. एका बाजूला रात्रंदिवस धावणारे ट्रक-टँकर, दुसऱ्या बाजूला पाड्यांकडे जाणारे दगडगोट्यांचे रस्ते, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. त्यामुळे बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ, थार, गुरखा अशा गाड्या या भागात हौसेपेक्षा गरजेसाठी जास्त घेतल्या जातात. भाजीपाला बाजारात न्यायचा, मजूर आणायचे, आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवायचं, सगळं याच गाड्यांवर.

गाडी कितीही दणकट असली तरी बाभळीचा एक काटा किंवा रस्त्यावरचा एक खिळा तिला जागेवर बसवतो. चाक बदलणं अनेकांना येतं. पण छोट्या कारचं चाक बदलणं आणि दोन टनाच्या फोर-बाय-फोरचं चाक बदलणं यात फरक आहे. पंक्चरमुळे माणूस सहसा दगावत नाही. माणूस दगावतो तो गाडी जॅकवरून घसरल्याने किंवा मागून आलेल्या गाडीने उडवल्याने. या दोन गोष्टी टाळायच्या कशा, हे समजलं की बाकीचं काम अर्ध्या तासाचं आहे.

चालत्या गाडीचा टायर बसला तर

स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, मागून फटफट आवाज आला किंवा गाडी डोलायला लागली की टायर बसला असं समजा. जोरात ब्रेक मारू नका. उंच गाडी, त्यात टपावर सामान, अशा वेळी एकदम ब्रेक आणि एकदम वळण म्हणजे गाडी पलटी होण्याचा रस्ता. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा, गाडी सरळ ठेवा आणि वेग आपोआप कमी होऊ द्या. वेग उतरला की हलका ब्रेक, डावा इंडिकेटर आणि बाजूला.

बसलेल्या टायरवर गाडी लांब चालवली तर टायर आतून कापला जातो आणि मग तो दुरुस्त होत नाही. हे खरं आहे. पण वळणावर, पुलावर किंवा घाटाच्या अरुंद जागेत टायर बसला असेल तर टायरचा विचार सोडा. चालण्याच्या वेगाने गाडी पुढच्या सपाट, मोकळ्या जागेपर्यंत न्या. टायर नवा मिळतो.

गाडी कुठे उभी करायची

जागा निवडताना चार गोष्टी बघा :

- जमीन शक्यतो सपाट हवी. घाटात थोडं पुढे-मागे केलं तर बहुतेक वेळा कमी उताराची जागा सापडते.
- जमीन टणक हवी. साईडपट्टीची भरावाची माती वरून कडक दिसते, पण जॅकखाली दबते.
- मागून येणाऱ्याला गाडी लांबून दिसली पाहिजे. वळणाच्या लगेच पुढे कधीच थांबू नका.
- पंक्चर चाक रस्त्याच्या बाजूला असेल तर गाडी आणखी डावीकडे घ्या, म्हणजे चाक बदलणाऱ्याची पाठ ट्रकच्या वाटेत येणार नाही.

थांबल्याबरोबर चारही इंडिकेटर चालू करा. गाडीत बसलेले सगळे उतरवा. बाया-माणसं, लेकरं यांना गाडीच्या मागे किंवा पुढे उभं करू नका. रस्त्यापासून लांब, लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे थांबवा. मात्र कठड्यापलीकडे दरी असेल तर तिकडे पाठवू नका, रस्त्याच्या कडेने गाडीपासून लांब न्या.

लाल त्रिकोण गाडीला टेकवून ठेवणारे खूप आहेत. त्याचा काही उपयोग नाही. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे येते. म्हणजे त्रिकोण ५० मीटर मागे असला तरी ड्रायव्हरला जेमतेम दोन-सव्वादोन सेकंद मिळतात. महामार्गावर तो शंभर मीटर तरी मागे हवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल असा. कोंडाईबारीत धुळ्याकडून उतरणाऱ्या भरल्या ट्रकला थांबायला जास्त अंतर लागतं, हे ध्यानात ठेवा. त्रिकोण ठेवायला जाताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेने चाला.

त्रिकोण नसेल तर लोक दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतात. अडचणीच्या वेळी ते समजण्यासारखं आहे. पण काम झाल्यावर ते दगड तिथेच सोडून जाणं म्हणजे रात्री येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेणं. निघताना प्रत्येक दगड उचलून बाजूला टाका. रस्त्यावर इतरांना धोका होईल अशी गाडी उभी ठेवायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार मनाई आहे.

फोर-बाय-फोरचा लिव्हर : इथेच घात होतो

साध्या गाडीत हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली की झालं. फोर-बाय-फोरमध्ये गिअरच्या जोडीला आणखी एक लिव्हर किंवा फिरवायचं बटण असतं. त्यावर टू-एच (फक्त मागची चाकं), फोर-एच (चारही चाकं), फोर-एल (चारही चाकं, जास्त ताकद) अशा जागा असतात. काही गाड्यांत मध्ये ‘एन’ म्हणजे न्यूट्रल असतं.

हा लिव्हर ‘एन’ वर असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये असूनही इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटलेला असतो. गिअर पडलाय म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि गाडी उताराने सुटते. जॅक लावण्याआधी हा लिव्हर कुठे आहे, हे डोळ्यांनी बघून खात्री करा.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याची. वळताना आतलं चाक कमी आणि बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून तो असतो. पण गाडी टू-एचमध्ये ठेवून मागचं एक चाक उचललं, तर हवेतलं चाक मोकळं फिरू शकतं. मग जमिनीवरचं दुसरं चाक पुढे गेलं की हवेतलं चाक उलटं फिरतं. गिअरची पकड तिथे संपते. गाडी उभी राहते ती फक्त हँडब्रेकवर. काही जुन्या जीपमध्ये तर हँडब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. अशा जीपचं मागचं चाक उचललं की हँडब्रेकही कामाचा राहत नाही.

यावर उपाय सोपा आहे. चाक उचलण्याआधी गाडी फोर-एलमध्ये टाका, ते नसेल तर फोर-एचमध्ये. मग पुढची दोन्ही चाकं जमिनीवर राहून गाडी धरून ठेवतात. त्यासाठी :

- लिव्हर किंवा बटण इंजिन चालू असतानाच फिरवा. बऱ्याच गाड्यांत हे काम विजेवर किंवा व्हॅक्यूमवर होतं, इंजिन बंद केल्यावर होत नाही.
- डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा लागला का बघा. लागत नसेल तर गाडी हातभर पुढे-मागे घ्या.
- पुढच्या चाकाच्या मधोमध हाताने फिरवायचं लॉक (हब) असलेल्या जुन्या गाड्यांत दोन्ही बाजूंची हब लॉक करा.
- मग गाडीचं तोंड चढाला असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’.
- हँडब्रेक पूर्ण ओढा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा.

एवढं केल्यावरही चाकाला दगड लावायचाच. पंक्चर चाकाच्या समोरच्या कोपऱ्यातलं चाक, म्हणजे मागचं डावं पंक्चर असेल तर पुढचं उजवं, दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळ्याने अडवा. उतार असेल तर जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक चाकाला उताराच्या बाजूने दगड लावा. गोल गोटा नको, तो चाकाबरोबर लोळतो. सपाट बुडाचा, कोपऱ्याचा दगड घ्या आणि पायाने ठोकून चाकाखाली दाबा.

चाक बदलण्याचा क्रम

१. ओझं उतरवा. कॅम्परमध्ये खताच्या गोण्या, कांदा, ऊस काहीही असो, जमेल तेवढं खाली घ्या. दीड-दोन टनाच्या गाडीवर वरून टनभर माल असेल तर गाडीसोबत आलेला जॅक त्या कामाचा राहत नाही.

२. स्टेपनी आधी काढा. गाडी जॅकवर चढवून मग स्टेपनी शोधत बसू नका. थार आणि गुरख्याची स्टेपनी मागच्या दारावर असते. स्कॉर्पिओ आणि बहुतेक पिकअपची गाडीच्या पोटाखाली असते आणि लांब दांड्याने चेन ढिली करून खाली सोडावी लागते. ती गाडी जॅकवर असताना काढायला जाणं म्हणजे थेट गाडीखाली डोकं घालणं.

३. स्टेपनीत हवा आहे का बघा. कितीतरी वेळा स्टेपनीच बसलेली निघते.

४. नट आधी ढिले करा, चाक जमिनीवर असतानाच. प्रत्येक नट फक्त अर्धा-पाऊण फेरा. जॅकवर चढवून नटावर जोर लावला की धक्क्याने गाडी हलते आणि घसरते. नट अडकले असतील तर पान्याला लोखंडी पाईप घालून लांबी वाढवा. पान्यावर उड्या मारू नका, पाना सटकून नडगीवर बसतो.

५. जॅक योग्य ठिकाणी लावा. जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते. मागे सरळ आडवा ॲक्सल असेल तर जॅक चाकाजवळ, ॲक्सलच्या नळीखाली येतो. मधल्या गोळ्याखाली लावू नका, तिथे गाडी एका बाजूला कलते. पायदान, बंपर, सायलेन्सर, डिझेलची टाकी यांच्याखाली तर कधीच नाही.

६. थोडी उचला आणि थांबा. जॅक सरळ उभा आहे का, बुड दबत नाही ना, दगड जागेवर आहेत ना, हे बघा. जॅक जरा जरी तिरका दिसला तरी गाडी खाली घ्या आणि पुन्हा लावा. ‘होईल एवढ्यात’ म्हणून पुढे जाऊ नका.

७. स्टेपनी गाडीखाली सरकवा. चाकाच्या जवळ, चेसिसखाली, आडवी. जॅक सटकलाच तर गाडी स्टेपनीवर बसेल, माणसावर नाही. पंक्चर चाक काढलं की ते गाडीखाली सरकवायचं आणि स्टेपनी बाहेर घ्यायची. या सवयीला खर्च काही नाही.

८. पुरेशी उचला. हवा भरलेलं चाक बसलेल्या चाकापेक्षा मोठं असतं. म्हणून पंक्चर चाक जमिनीवरून सुटल्यावर आणखी चार बोटं वर घ्या.

९. नट काढा, चाक काढा. नट चिखलात टाकू नका, टोपीत किंवा रुमालात ठेवा. चाक गंजून हबला चिकटलं असेल तर जॅकवर असताना लाथा मारू नका. नट परत लावून थोडे ढिले ठेवा, गाडी खाली घ्या, दगड काढून गाडी फक्त वीतभर पुढे-मागे करा. चाक सुटतं. मग पुन्हा सगळे दगड लावूनच गाडी उचला.

१०. स्टेपनी लावा. मोठं चाक हातांनी उचलण्यापेक्षा खाली बसून पायाच्या चवड्यावर तोलत बोल्टपर्यंत न्या. कंबर वाचते. आधी सगळे नट बोटांनी बसवा. नटाची निमुळती बाजू असेल तर ती रिमकडे यायला हवी.

११. गाडीखालचं चाक बाहेर काढा, गाडी खाली घ्या आणि मग नट आवळा. एकापाठोपाठ एक गोल नाही. एक आवळला की त्याच्या समोरचा, असं आलटून-पालटून. सगळ्यांना दोनदा फिरा.

१२. निघण्याआधी फोर-व्हील काढून टू-एच करा. दगड, त्रिकोण, पाना, जॅक सगळं उचला.

नवीन लावलेल्या चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळून बघा. बरेच लोक हे विसरतात. चाक लावताना रिम आणि हब यांच्यामध्ये माती किंवा गंज राहिला असेल तर तो चालताना झिजतो आणि घट्ट वाटणारे नट ढिले पडतात.

संपूर्ण कामात एकच नियम पाळा : फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालायचा नाही. हातसुद्धा नाही.

चिखल, शेत आणि उतार

पावसाळ्यात शेतरस्त्यावर जॅक लावला तर गाडी वर जात नाही, जॅकच खाली जातो. यासाठी गाडीत फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाडीची सागाची किंवा बाभळीची फळी कायम ठेवा. वरचा चिखल फावड्याने काढून खालची घट्ट माती लागेपर्यंत जागा करा, त्यावर फळी आणि फळीवर जॅक. फरशीचा तुकडा किंवा वीट नको. वजन आलं की फुटते आणि जॅक एकदम सुटतो.

टायर मोठे बसवून किंवा सस्पेन्शन वाढवून गाडी उंच केली असेल तर कंपनीचा जॅक पुरत नाही. तेव्हा लोक जॅकखाली दगडांचा थर रचतात. हे सगळ्यात धोकादायक. जास्त उचलणारा, तीन टन किंवा त्यावरचा बॉटल जॅक घ्या आणि घरी सपाट जागेवर एकदा लावून बघा.

उतार जास्त असेल तर उतारावर चाक बदलूच नका. हवा भरत भरत किंवा टायर खराब करून का होईना, गाडी सपाटीला न्या.

स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर

चार टायर नवे मोठे आणि स्टेपनी जुनी छोटी, असं इकडे खूप गाड्यांत असतं. टू-एचमध्ये हळू चालवून पंक्चरच्या दुकानापर्यंत जाता येतं. पण अशी स्टेपनी असताना डांबरी रस्त्यावर फोर-एच किंवा फोर-एल टाकू नका. चाकं वेगवेगळा फेरा घेतात आणि त्याचा ताण गिअर, शाफ्ट, ट्रान्सफर केस यांच्यावर येतो. मोठं काम निघतं. मागच्या ॲक्सलला लॉक होणारं डिफरन्शियल असेल तर छोटी स्टेपनी पुढे लावा आणि पुढचं चांगलं चाक मागे. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत वेगळ्या मापाची स्टेपनी अगदी थोड्या अंतरापुरतीच वापरा.

पंक्चर जागेवर काढता येतं का?

ट्यूबलेस टायर असेल तर बहुतेक वेळा हो. खिळा दिसला म्हणून लगेच उपटू नका. खिळ्यानेच भोक बंद असतं. हवा हळूहळू जात असेल तर भरून, जपून दुकानापर्यंत जाता येतं.

दुकान लांब असेल तर ट्यूबलेस किट वापरा. खिळा काढा, भोकात रिमर आत-बाहेर फिरवून जागा साफ करा, सुईत चिकट स्ट्रिप ओवून ती दोन्ही टोकं थोडी बाहेर राहतील इतकी आत घाला आणि सुई झटक्यात ओढा. हवा भरा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. वर राहिलेली स्ट्रिप कापा. नंतर दुकानात टायर उघडून आतून मशरूम पॅच मारून घेतला तर काम पक्कं होतं.

ही स्ट्रिप फक्त जमिनीला लागणाऱ्या भागासाठी. टायरच्या बाजूला, म्हणजे साईडवॉलला काटा किंवा दगडाने चीर पडली असेल तर स्ट्रिप लावून महामार्गावर धावू नका. तो भाग सतत वाकतो आणि वेगात टायर फुटतो. कपाशीची आणि तुरीची कापलेली खुंटं नेमकी साईडवॉलवर बसतात, म्हणून कापणी झालेल्या शेतातून गाडी नेताना सरीच्या बाजूने, हळू न्या.

टायर उघडल्यावर आत काळी भुकटी किंवा रबराचे कण दिसले तर तो टायर हवा नसताना चालला आहे आणि त्याची बाजू आतून मोडली आहे. पंक्चर छोटं असलं तरी तो परत लावू नका.

चिखलात हवा कमी करून चालवताना कधीकधी ट्यूबलेस टायर रिमवरून सुटतो. गाडी उचलून, कडेचा चिखल पुसून, टायरभोवती पट्टा आवळून कॉम्प्रेसरने हवा भरली की तो पुन्हा बसतो. पेट्रोल टाकून पेटवून टायर बसवण्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. ते करू नका. हात-तोंड भाजतं, टायरही जातो.

ट्रॅक्टर आणि ट्रकच्या चाकाचं वेगळं

फोर-व्हील ट्रॅक्टरचं पुढचं चाक वरच्याच पद्धतीने, सावधपणे बदलता येतं. मागच्या मोठ्या चाकाला हात घालू नका. वजनासाठी त्यात अनेक जण पाणी भरतात आणि ते शंभर लिटरहून जास्त असतं. एवढं चाक अंगावर कललं तर दोन माणसांनाही सावरत नाही. ट्रॉली जोडलेली असेल तर आधी सोडा, औजार जमिनीवर टेकवा आणि मेकॅनिकला शेतावर बोलवा.

ट्रक, टँकर आणि काही ट्रॉलींच्या रिमला बाहेरून लोखंडी लॉक रिंग असते. ती नीट बसली नसताना हवा भरली तर गोळीसारखी सुटते. हवा भरताना चाकाच्या समोर किंवा वर वाकून उभं राहू नका, लांब नळी लावून बाजूला थांबा. लेकरांना पंक्चरच्या दुकानात जवळ उभं राहू देऊ नका.

टोचन लावायची वेळ आली तर

दोन चाकं बसली किंवा स्टेपनीच नसेल तर टोचन लावावं लागतं. फोर-बाय-फोरची दोनच चाकं उचलून ओढायची असतील तर लिव्हर फोर-एच किंवा फोर-एलवर राहिला नाही ना ते बघा, नाहीतर शाफ्ट आणि ट्रान्सफर केस मोडते. किती अंतर, कोणत्या जागेवर लिव्हर, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. लांब जायचं असेल तर चारही चाकं वर घेणारी सपाट गाडी मागवणं परवडतं.

गाडीत कायम काय असावं

- मापाचा पाना आणि तो लांब करायला पाईप
- बॉटल जॅक आणि त्याखालची फळी
- दोन लाकडी ठोकळे
- लाल त्रिकोण, बॅटरी (डोक्याला लावायची असेल तर उत्तम)
- ट्यूबलेस किट, हवा मोजायचं मीटर, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर
- हातमोजे, जुनं पोतं, छोटं फावडं
- अलॉय व्हीलला वेगळा लॉक नट असेल तर त्याची चावी

मोठा कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या खाचेत लावला तर फ्यूज उडतो. तो इंजिन चालू ठेवून थेट बॅटरीला लावा.

आधीच तपासलेलं बरं

महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, पाचही टायरची हवा बघा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. भरल्या गाडीसाठी आकडा वेगळा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. त्यासाठी नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे दिलेले असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदलायची वेळ झाली.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. उदाहरणार्थ २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनी वापरली नाही तरी रबर जुनं होतं, म्हणून तिचेही आकडे वाचा. पोटाखालची स्टेपनी पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा खाली सोडून चेनला ग्रीस लावा, नाहीतर ऐन वेळी ती निघत नाही.

धडगाव, मोलगी, तोरणमाळ या सातपुड्यातल्या रस्त्यांवर जाणाऱ्यांनी ही तपासणी निघण्याआधीच करावी. तिथे रात्री पंक्चरचं दुकान उघडं मिळणं अवघड, आणि बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंजही नसते. गाडीत बाळंतपणाची बाई किंवा पेशंट असेल तर चाक बदलत बसण्याआधी १०८ ला फोन लावा किंवा दुसऱ्या गाडीत त्यांना पुढे पाठवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एकट्याने चाक बदलावं का?*
दिवसा, सपाट जागेवर हरकत नाही. रात्री महामार्गावर दुसरा माणूस बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेला, मागच्या गाड्यांवर नजर ठेवायला हवा.

*रात्री घाटात गाडी बाजूला घ्यायला जागाच नसेल तर?*
चाक बदलू नका. चारही दिवे लावा, त्रिकोण मागे ठेवा, सगळे गाडीपासून लांब थांबा आणि १०३३ ला फोन करा.

*नट आवळताना त्यांना ऑईल लावावं का?*
नको. ऑईलने नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि बोल्ट ताणतो. तारेच्या ब्रशने गंज साफ करा, तेवढं पुरे.

*पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये जेल भरावं का?*
बारीक काट्यांना उपयोग होतो. पण खिळा आत राहून तो कळत नाही, म्हणून हवा तपासणं बंद करू नका. टायर उघडताना दुकानदाराला जेल आहे असं सांगा.

हे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा

- १०३३ : राष्ट्रीय महामार्गावरची मदत
- ११२ : पोलीस आणि तातडीची मदत
- १०८ : रुग्णवाहिका

फोन करताना ‘घाटात आहे’ एवढं सांगून भागत नाही. रस्त्याच्या कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून सांगा आणि गाडीचं तोंड सुरतकडे आहे की धुळ्याकडे, तेही सांगा. मदत लवकर पोहोचते.